ज्वारीचं केक मिक्स आणि गावची चक्की : एका बचत गटाचं प्रकरण

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी, बसस्टँडमागच्या गल्लीत, केकचं सामान विकणारं एक दुकान आहे. पूर्वी तिथे मैदा, वनस्पती तूप, टूटीफ्रूटी आणि वाढदिवसाच्या मेणबत्त्या मिळायच्या. आता आजूबाजूच्या गावांतल्या मुली मोबाइलवर पाहून केक शिकतात आणि ऑर्डरी घेतात, त्यामुळे दुकानात व्हिपिंग क्रीमपासून ब्राउनी मिक्सपर्यंत सगळं असतं. नाताळाच्या आधी अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी तिथे तपासणीला आले. एकाच फळीवर त्यांना दोन प्रकारची तयार मिक्स दिसली. परदेशी पाकिटांत पॅनकेक, ब्राउनी आणि 'ग्लुटेन-फ्री', म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन नसलेले, चॉकलेट केक होते. दुसरं पाकीट जवळच्या खेड्यातल्या महिला बचत गटाचं होतं, ज्वारीच्या केक मिक्सचं. त्यावरही ठळक अक्षरांत 'ग्लुटेन-फ्री' छापलेलं होतं. अधिकाऱ्यांनी परदेशी पाकिटं जप्त केली आणि ज्वारीच्या मिक्सचा नमुना घेतला.

त्याच संध्याकाळी गटाच्या अध्यक्ष ताईंचा मला फोन आला. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांना परवाना, लेबल, चाचण्या या कामांत मी मदत करते. गट, दुकान आणि गाव यांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. प्रकरण मात्र सविस्तर मांडते आहे, कारण विदर्भात आज डझनावारी गट अशी मिक्स करू पाहतात, आणि त्यांना मिळणारा सल्ला बहुतेक वेळा 'फूड लायसन काढून घ्या' इथेच संपतो.

गटाचं मिक्स

गटातल्या बायकांच्या शेतात कापूस आणि सोयाबीन. ज्वारी घरच्या भाकरीपुरती आणि जनावरांच्या कडब्यापुरती. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्या काळात गावोगावी प्रशिक्षणं झाली, आणि त्यातल्याच एकात या बायका ज्वारीचा केक शिकल्या. केक विकायचा तर तो दोन दिवसांत खपला पाहिजे. मिक्स विकलं तर ते टिकतं, कुरिअरने जातं, आणि उन्हाळ्यात विदर्भाच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांतही त्याचं काही बिघडत नाही. हा विचार त्यांचा त्यांनीच केला, आणि तो धंद्याच्या दृष्टीने अगदी बरोबर होता.

मिक्समध्ये ज्वारीचं पीठ, गूळ पावडर, कोको पावडर, मक्याचा स्टार्च, बेकिंग पावडर, झँथन गम, मीठ आणि व्हॅनिला फ्लेवर. गव्हाच्या पिठात ग्लुटेनमुळे जो चिवटपणा येतो तो ज्वारीत नसतो, म्हणून केक भुगा होऊ नये यासाठी झँथन गम लागतो. ४०० ग्रॅमचं पाकीट, किंमत १८० रुपये. विक्री प्रदर्शनांत, वर्धा-नागपूरच्या काही दुकानांत आणि व्हॉट्सअॅपवर.

परवान्याची बाजू त्यांनी नीट केली होती. गटाने कागद काढले तेव्हा वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान अन्न व्यावसायिकाला पूर्ण परवान्याऐवजी नोंदणी पुरत होती, फी वर्षाला १०० रुपये. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) फॉसकॉस पोर्टलवरून त्यांनी ती घेतली, १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापला. त्यामुळे नमुना घेतला गेल्याचं कळल्यावर ताईंचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, आमच्याकडं तं नंबर हाये ना जी, मंग काऊन नेलं पाकीट?"

नोंदणीचा क्रमांक व्यवसाय कोण करतं आणि कुठे करतं एवढंच सांगतो. पाकिटात काय आहे, त्यावर लिहिलेलं खरं आहे का, याची जबाबदारी त्या क्रमांकाने कुणी दुसरं उचलत नाही. ती बनवणाऱ्याचीच राहते.

दुबईची पाकिटं

परदेशी पाकिटांचा भाग आधी सांगते, कारण तो कायद्याच्या दृष्टीने जास्त गंभीर आणि समजायला सोपा आहे.

दुकानदार भाऊंचा नातेवाईक दुबईत नोकरीला. तो आणि त्याचे मित्र सुट्टीवर येताना बॅगांमधून पाकिटं आणत. बिल नाही. पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता नाही, एफएसएसएआयचं चिन्ह नाही, परवाना क्रमांक नाही, हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण नाही. स्वतःच्या वापरासाठी सामानातून खाद्यपदार्थ आणायला सूट आहे. त्या सवलतीने आलेलं पाकीट दुकानाच्या फळीवर ठेवलं की सूट संपते.

यात लोकांच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट होती. पॅनकेक मिक्सच्या घटकांच्या यादीत, अगदी बारीक इंग्रजीत, अंड्याची भुकटी लिहिलेली होती. भाऊंनी ते पाकीट एका जैन घरात 'एगलेस असते हे' असं सांगून दिलं होतं. खोटं बोलावं हा त्यांचा हेतू नव्हता. पाकिटावर अंड्याचं चित्र नव्हतं, तेवढ्यावरून त्यांनी समजून घेतलं. आपल्या नियमांत अंडं असलेला पदार्थ मांसाहारी चिन्हाखाली येतो, आणि तो तपकिरी त्रिकोण याच गिऱ्हाइकासाठी आहे. ज्याला बारीक इंग्रजी वाचता येत नाही त्यालाही एका नजरेत कळावं म्हणून. तो त्रिकोण नसेल तर गिऱ्हाईक दुकानदाराच्या शब्दावर जातं, आणि दुकानदारालाच ठाऊक नसतं.

पिठाचंही तसंच. ब्रेडचं पीठ फुगावं म्हणून वापरलं जाणारं पोटॅशियम ब्रोमेट भारतात २०१६ मध्ये बंद झालं, काही देशांत ते अजूनही चालतं. बंदरावर कागद आणि नमुना तपासला जातो तो अशाच गोष्टींसाठी. बॅगेतून आलेलं पाकीट या चाळणीतून गेलेलंच नसतं.

भाऊंनी मला विचारलं की मग त्यांनीच रीतसर आयात केली तर? मी त्यांना सगळी वाट सांगितली. परदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात संकेतांक घ्यायचा. एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना घ्यायचा, कारण आयातदाराला राज्याची नोंदणी चालत नाही, उलाढाल कितीही लहान असली तरी. वैध मापन (वजन-मापांच्या) कायद्याखाली आयातदार म्हणून नोंद करायची. माल आला की कस्टम्स एजंट बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं विवरणपत्र) भरतो, ते अन्न आयात मंजुरीच्या यंत्रणेकडे जातं. २०१७ च्या आयात नियमांप्रमाणे कागद तपासले जातात, मालाची प्रत्यक्ष पाहणी होते, नमुना घेतला तर तो अधिसूचित प्रयोगशाळेत जातो. सगळं ठीक असेल तर ना-हरकत मिळते, नसेल तर माल परत पाठवायचा किंवा नष्ट करायचा. टिकण्याचीही अट आहे: मंजुरीच्या वेळी एकूण आयुष्याच्या ६० टक्के किंवा ३ महिने, यांपैकी जे कमी ते शिल्लक हवं. वर्षभर टिकणाऱ्या मिक्सचे किमान ३ महिने उरलेले पाहिजेत. भाऊंच्या फळीवरची काही पाकिटं तिकडच्या सेलमधली होती, आणि त्यांच्यावरची तारीख त्याहून जवळ आलेली होती.

त्यांची एक समजूत मला ठामपणे खोडावी लागली. 'वरून स्टिकर मारून देतो' असं ते म्हणत होते. स्टिकरची मुभा आहे, पण ती ठरावीक उणिवांपुरतीच: आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचं चिन्ह आणि परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह अशा. तोही न निघणारा हवा, आणि माल कस्टम्सच्या ताब्यातल्या गोदामात असतानाच लावायचा. घटकांची यादी, बॅच क्रमांक, तारीख या गोष्टी मूळ पाकिटावर उत्पादकानेच छापलेल्या पाहिजेत. तालुक्याच्या दुकानात मागच्या खोलीत मारलेल्या स्टिकरने काहीच दुरुस्त होत नाही, उलट आणखी एक चुकीची गोष्ट पाकिटावर चढते.

चार-दोन खोक्यांसाठी हा सगळा खटाटोप परवडणारा नाही, हे हिशेब मांडताच त्यांना दिसलं. मुंबईच्या परवानाधारक आयातदाराकडून बिलासह माल घेणं त्यांच्यासाठी स्वस्त आणि सुरक्षित आहे. मी त्यांना तेच सुचवलं.

आणि बिलाचं महत्त्व इथेच कळतं. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २७ मध्ये विक्रेत्याची जबाबदारी ठरवली आहे. माल कुणाकडून घेतला ते ज्याला दाखवता येत नाही, त्याच्या अंगावर ती पूर्ण पडते. ज्वारीच्या मिक्ससाठी भाऊंकडे गटाचं हाताने लिहिलेलं का होईना, बिल होतं. त्यामुळे लेबलचा प्रश्न सरळ उत्पादकाकडे, म्हणजे गटाकडे गेला. दुबईच्या पाकिटांसाठी दाखवायला कुणीच नव्हतं.

लेबल

अन्न विश्लेषकाच्या अहवालाने गटाचं मिक्स 'मिथ्याछाप' ठरवलं. या शब्दाने बायका फार घाबरल्या. भेसळ केली असं म्हणताहेत, अशीच त्यांची समजूत झाली. तसं नव्हतं. पदार्थ खाण्यास अपायकारक आहे असं अहवालात कुठेच म्हटलेलं नव्हतं. पाकिटावर जे लिहायला हवं ते नव्हतं, आणि जे लिहू नये ते होतं.

सगळं लेबल मराठीत होतं. मला ते पाकीट सुंदर वाटलं होतं, आजही वाटतं. पण २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे बंधनकारक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते. दुसरी भाषा तिच्या जोडीला चालते, तिच्याऐवजी नाही. मराठी पाकिटावरून जावी असं मी कुणालाही सांगणार नाही. गटाचं गिऱ्हाईक मराठी वाचतं, त्याला त्याच्या भाषेत कळलंच पाहिजे. नवीन पाकिटाची पुढची बाजू म्हणूनच मराठीत ठेवली आणि मागच्या बाजूला तीच माहिती हिंदीतही दिली. शब्दांत तफावत नको, म्हणून दोन्ही मजकूर आम्ही ओळीला ओळ लावून तपासले.

घटकांच्या यादीत 'सोडा, गम, सुगंध' एवढंच लिहिलेलं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने हवी, आणि मिश्र पदार्थातली अॅडिटिव्ह त्यांच्या कामासह आणि आंतरराष्ट्रीय क्रमांकासह: फुगवणारा घटक ५००(ii), घट्टपणा देणारा घटक ४१५. बेकिंग पावडर हा स्वतःच मिश्र पदार्थ आहे, त्यात सोडा, आम्ल आणि स्टार्च असतो. गट ती बाजारातून सुटी घेत होता, त्यामुळे तिच्यात काय आहे हे त्यांनाच माहीत नव्हतं. आता ती बंद पाकिटात, बिलासह घेतात. झँथन गमही तसाच. तो बहुतेक बाहेरून आलेला असतो, आणि नागपूरच्या व्यापाऱ्याकडून घेताना मूळ पिशवीवर आयातदाराचं नाव आणि परवाना क्रमांक आहे का हे पाहायची सवय बायकांनी लावून घेतली. परदेशी मालाचे नियम फक्त भाऊंपुरते नाहीत, ते गटाच्या पाव चमचा गमपर्यंत येऊन पोचतात.

तारीख: 'सहा महिन्यांच्या आत वापरा'. हे पुरत नाही. उत्पादनाची तारीख आणि वापराची अंतिम तारीख दोन्ही छापाव्या लागतात. वैध मापनाच्या नियमांप्रमाणे कमाल किंमत सर्व करांसह, निव्वळ वजन, तक्रारीसाठी नाव-पत्ता-फोन, आणि दर ग्रॅमची किंमतही, म्हणजे या पाकिटावर ०.४५ रुपये प्रति ग्रॅम. हे सगळं एका बैठकीत झालं.

'मधुमेहींसाठी उत्तम' ही ओळ काढायला मात्र वेळ लागला. तीमुळे माल खपतो, असं दोन-तीन सदस्यांचं म्हणणं होतं. मी त्यांच्यासमोर एक पाकीट ओतून गूळ पावडर वेगळी मोजायला लावली. गूळ हीसुद्धा साखरच आहे, रक्तात ती साखरेसारखीच वागते. ज्या सासूबाईंना डॉक्टरांनी गोड बंद सांगितलंय त्या ही ओळ वाचून दोन तुकडे जास्त खातील. आजाराशी जोडलेला असा दावा जाहिराती व दाव्यांविषयीच्या २०१८ च्या नियमांतही बसत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, मिथ्याछापासाठी ३ लाखांपर्यंत. पण त्या बैठकीत दंडाचा आकडा कुणाला फारसा लागला नाही. एक सदस्य म्हणाली, "माह्या सासूलेच शुगर हाये, अन् आपण तिच्या पाकिटावर हे लिहून राह्यलो." त्यावर ओळ निघाली.

चक्की

उरला 'ग्लुटेन-फ्री'. बायकांना यात काही वादाचं आहे हेच पटत नव्हतं. "मॅडम, ज्वारीत गहू कुठून येईन?" हा प्रश्न अगदी मनापासूनचा होता. ज्वारीत ग्लुटेन नसतं, हे शंभर टक्के खरं आहे.

आपल्या मानकांत ग्लुटेन-फ्री म्हणजे एका किलोत २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन. २० ते १०० मिलिग्रॅम असेल तर तो 'कमी ग्लुटेन' वर्गात जातो, आणि सेलिॲक, म्हणजे ग्लुटेन न चालणाऱ्या आजाराच्या, रुग्णांना धोका असू शकतो असा इशारा त्यावर लिहावा लागतो. २० मिलिग्रॅम म्हणजे किती, हे सांगण्यासाठी आम्ही साधा हिशेब केला. गव्हाच्या पिठात ढोबळमानाने दहावा भाग ग्लुटेन धरला, तर दहा किलो ज्वारीच्या पिठात फक्त दोन ग्रॅम गव्हाचं पीठ मिसळलं की मर्यादा गाठली जाते. दोन ग्रॅम म्हणजे दोन बोटांच्या चिमटीत येईल त्याहून थोडं जास्त.

मग आम्ही ज्वारीच्या मागे निघालो, शेतापासून पाकिटापर्यंत.

शेतातून ज्वारी निघते तेव्हा त्याच थ्रेशरवर आधी कुणाचा गहू निघालेला असू शकतो, पण हंगाम वेगळे असल्याने तिथे फार सापडलं नाही. बारदान्यात सापडलं. गव्हाचे रिकामे पोते झटकून ज्वारीसाठी वापरले जात होते, शिवणीत गहू अडकलेला होता. बाजारातून विकत घेतलेल्या ज्वारीत तर गव्हाचे दाणे डोळ्यांनी दिसत. ते बायका निवडून काढत, आणि निवडण्यात त्या तरबेज असल्याने तिथे बऱ्यापैकी सुटका होती.

खरी गोष्ट गावच्या चक्कीत होती. गावात एकच चक्की. सकाळी गहू, मग कुणाची ज्वारी, मग डाळ, पुन्हा गहू. दगडाच्या खाचांत, वरच्या कोठीच्या कोपऱ्यांत आणि पीठ खाली येतं त्या कापडी बाहीत आधीचं पीठ बसलेलं असतं. आम्ही चक्की बंद करायला लावून ती बाही झटकली. परातीत जे पडलं ते दोन ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त होतं. चक्कीवाल्या काकांनी निष्पापपणे सांगितलं, "आमच्या चक्कीवर तं सगळंच दळते जी. ज्वारीचं दळण आलं तं आधी पसाभर सोडून देतो."

पसाभर सोडणं हे भाकरीसाठी पुरतं. ज्या माणसाला गहू चालतो, त्याच्या ज्वारीच्या भाकरीत चिमूटभर गहू आला तर काय बिघडतं? काहीच नाही. काकांची रीत त्यांच्या गिऱ्हाइकासाठी योग्यच आहे. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहिल्यावर गिऱ्हाईक बदलतं. आता ते पाकीट सेलिॲक आजार असलेल्या मुलाच्या आईच्या हातात जातं. या आजारात ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटतं. मूल वाढत नाही, रक्त कमी होतं, पोट सतत बिघडलेलं. यावर गोळी नाही. आयुष्यभर ग्लुटेन टाळणं हाच उपचार आहे, आणि त्या आईला दुसरा कुठलाही आधार नाही, फक्त पाकिटावरचा शब्द आहे.

हे मी बोलत होते तेव्हा मागे बसलेल्या एका वयस्क सदस्याने मध्येच म्हटलं, "म्हणजे उपासाच्या पिठासारखं." सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एकदम उजेड पडला. भगर-साबुदाण्याचं पीठ गावच्या चक्कीवर कुणीच दळत नाही. धान्याचा कण लागू नये म्हणून ते घरच्या घरघंटीवर, वेगळ्या चाळणीने, वेगळ्या डब्यात. ही शिस्त या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली आहे. नियमावलीतली जी गोष्ट मी तासभर समजावत होते, ती त्यांच्या हातात आधीपासून होती. फक्त ती केक मिक्सला लावायची आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्यातूनच चाचणीची कल्पना निघाली. एका सदस्याकडे फक्त उपासाच्या पिठासाठी ठेवलेली घरघंटी होती. एकाच पोत्यातली, निवडून धुऊन वाळवलेली ज्वारी घेतली. अर्धी गावच्या चक्कीवर दळली, अर्धी त्या घरघंटीवर. दोन्ही नमुने एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एलायझा पद्धतीच्या ग्लुटेन चाचणीला पाठवले. खर्च गटाने आपल्या बचतीतून केला. चक्कीचा नमुना २० च्या वर आणि १०० च्या आत आला. घरघंटीचा २० च्या खाली. ज्वारी तीच, निवडणारे हात तेच.

गिऱ्हाइकांना कळवणं

अहवाल आल्यावर विकलेल्या पाकिटांचं काय, हा प्रश्न आला. गटाकडे ऑर्डरची वही चोख होती: नाव, गाव, तारीख, किती पाकिटं. पण पाकिटावर बॅच क्रमांक नव्हता. त्यामुळे कुठलं पाकीट कुठल्या दळणाचं, हे शोधायला मार्गच नव्हता, आणि एका दळणापुरतं कळवून भागणार नव्हतं. सगळ्यांनाच कळवावं लागलं. बॅच क्रमांक म्हणजे फक्त छापायची एक ओळ, असं वाटत असेल तर तो प्रत्यक्षात कशासाठी आहे हे इथे दिसतं: चूक झाली तर ती किती पाकिटांपुरती, हे त्यावरून ठरतं.

व्हॉट्सअॅपवरचे जुने संदेश पाहताना अमरावतीच्या एका बाईंचा संदेश सापडला. मुलाला सेलिॲक आहे, तुमचा केक त्याला फार आवडला, पण दोन्ही वेळा पोट दुखलं, दूध घातलं म्हणून असेल का, असं त्यांनी विचारलं होतं. गटाने त्या वेळी भाबडेपणाने 'हो, दुधानं होत असेल' असं उत्तर दिलेलं. पोट कशाने दुखलं हे आज कुणी खात्रीने सांगू शकत नाही. पण अध्यक्ष ताईंनी त्या बाईंना स्वतः फोन केला, चक्कीची आणि अहवालाची गोष्ट सांगितली, उरलेलं पाकीट मुलाला देऊ नका म्हटलं आणि पैसे परत पाठवले. त्या फोनआधी ताई बराच वेळ मोबाइल हातात धरून बसल्या होत्या. या सबंध प्रकरणात सगळ्यात अवघड आणि सगळ्यात आवश्यक काम मला तेच वाटतं. कुठल्याही अधिकाऱ्याने ते करायला सांगितलेलं नव्हतं.

आजची स्थिती

गटाच्या प्रकरणात न्यायनिर्णय अधिकाऱ्यांसमोर सुनावणी झाली. दंड ठरवताना चुकीतून किती फायदा झाला, कुणाला किती हानी झाली, चूक वारंवार झाली का, नकळत झाली का, हे कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे पाहावं लागतं. गटाने दुरुस्त लेबल, दोन्ही चाचण्यांचे अहवाल आणि गिऱ्हाइकांना कळवल्याची वही समोर ठेवली. दंड झाला, कमी झाला. भाऊंच्या परदेशी पाकिटांचं प्रकरण अजून सुरू आहे. दरम्यान ते मुंबईच्या आयातदाराचा माल बिलासह ठेवू लागले आहेत, आणि घटकांची यादी आता स्वतः भिंग घेऊन वाचतात.

पाकिटावरून 'ग्लुटेन-फ्री' काढलं. सध्या तिथे 'ज्वारी केक मिक्स' एवढंच नाव आहे आणि खाली 'गव्हाचा अंश असू शकतो' हा इशारा. विक्री घटली. नागपूरच्या एका दुकानाने तर माल घेणंच थांबवलं. गटातल्या काहींना वाटत होतं की घरघंटीचा अहवाल आहे, तेवढ्यावर जुनं लेबल परत सुरू करावं. पण ती घरघंटी तासाला जेमतेम काही किलो दळते, आणि एका नमुन्याचा अहवाल पुढच्या दळणाची हमी देत नाही. पिठात ग्लुटेन सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, एका कोपऱ्यात काहीच नाही आणि दुसऱ्यात चिमूटभर, असं होतं.

म्हणून गटाने प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून स्वतःची पल्वरायझर (दळण्याचं यंत्र) आणि मिक्सिंगचं यंत्र घेतलं. या योजनेत तेव्हा प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, कर्जाशी जोडलेलं अनुदान मिळत होतं. खोली वेगळी केली. त्या खोलीत गव्हाची पोळी असलेला जेवणाचा डबाही आत न्यायचा नाही, हा नियम बायकांनी स्वतः केला, मी सुचवलेला नव्हता. ज्वारीसाठी नवे पोते, त्यावर रंगाची खूण. बाजारातली ज्वारी या कामासाठी बंद, फक्त सदस्यांच्या शेतातली. प्रत्येक दळणाला बॅच क्रमांक, आणि प्रत्येक बॅचमधलं एक पाकीट तारीख घालून कपाटात राखून ठेवायचं.

चाचणीचा खर्च कुठून काढायचा यावर बरीच चर्चा झाली. प्रत्येक पाकिटामागे पाच रुपये चाचणीच्या खात्यात बाजूला टाकायचे, असं ठरलं. किंमत त्यामुळे १८५ झाली. नव्या यंत्रावरच्या पहिल्या बॅचचा नमुना प्रयोगशाळेत गेला आहे. लागोपाठच्या काही बॅचचे अहवाल मर्यादेच्या आत येईपर्यंत 'गव्हाचा अंश असू शकतो' ही ओळ पाकिटावर तशीच राहणार आहे.